अकरा लाकडांची काटवट

काटवटीवर उभं राहू नये, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं मी सरकारी नोकरी केली, तीही आवक-जावक शाखेत, आणि ज्या गोष्टीविषयी लेखी सूचना नाही ती करायला हरकत नसते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. स्वयंपाकघरातलं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलं होतं. सेल बदलायचा होता. आमचं स्टूल शेजारच्या योगीराजांनी पोळ्याच्या सुमारास नेलं होतं, ते दिवाळी झाली तरी परत आलं नव्हतं. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. घड्याळापर्यंत हात पोचायला वीतभर कमी पडत होता आणि भिंतीला टेकवलेली काटवट बरोबर वीतभर उंचीची होती. इतकं सोयीचं जमून आल्यावर माणूस विचार करत बसत नाही. मी ती पालथी घातली आणि वर चढलो.

घड्याळाला बोट लागलं आणि पायाखाली कडाड्कन आवाज झाला. मी खाली आलो, म्हणजे उतरलो नाही, आलो. घड्याळ आपल्या जागी शाबूत होतं आणि चार वाजून दहाच मिनिटं झालेली होती.

ज्यांच्या घरी फक्त पोळ्या होतात त्यांच्यासाठी सांगतो, काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. ही साधीसुधी काटवट नव्हती. आमच्या लग्नात माझ्या सासूबाईंनी, म्हणजे पेडगावच्या कासाबाईंनी, ती लेकीला दिली होती. त्यांच्या बांधावरच्या बाभळीची. दरवर्षी भोगीला सासूबाई आमच्याकडे परभणीला येतात, बाजरीच्या पिठात ऊन पाणी घालतात आणि त्या काटवटीत भोगीची पहिली भाकरी स्वतः करतात. ती भाकरी आधी लेकीला, मग मला. एकोणतीस वर्षांत यात एकदाही खंड पडलेला नाही. ज्या साली त्यांचा हात मोडला होता त्या साली त्यांनी एका हातानं थापली होती.

आवाज ऐकून माझी बायको मनकर्णा आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, काटवटीकडे पाहिलं. एका बाजूचा मोठा तुकडा निघून पडला होता.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. तिनं दोन्ही तुकडे पोत्यात घालून माळ्यावर ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून स्टीलच्या परातीत पीठ मळायला सुरुवात केली. परात ओट्यावर सरकायची, खडखडायची. तो खडखडाट मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना ऐकत असे. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवलं जातं आणि प्रकरण निकाली निघतं. इथं प्रकरण प्रलंबित होतं आणि भोगीला दोन महिने उरले होते. आठव्या दिवशी ती फक्त म्हणाली, "आई येईल. तिला काय सांगायचं तेवढं तुमी ठरवा." मला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

काटवट बाजारात मिळते. सरळ जाऊन आणली असती तर ही कथा इथंच संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. पण मधे मोबाइल आला. कुठल्याशा देशातला एक दाढीवाला माणूस निरनिराळ्या लाकडांचे तुकडे एकावर एक चिकटवून यंत्रावर फिरवत होता. यंत्र थांबलं तेव्हा त्याच्या हातात एक वाडगं होतं आणि त्याला लाल, पिवळे, काळे, पांढरे पट्टे होते. रंग दिलेला नव्हता. हे त्या झाडांचे आतले रंग होते. मी तो व्हिडिओ चौदा वेळा पाहिला.

आणि मग मला एक प्रश्न पडला. आमच्या फाटकाजवळ लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं झाड आहे. वीस वर्षं मी त्याला कपडे वाळवायची दोरी बांधतोय. त्याच्या पोटात कोणता रंग आहे? मला माहीत नव्हतं. चिंचेच्या? बोरीच्या? साठ वर्षं या झाडांच्या सावलीत काढली, त्यांची बोरं, चिंचा, जांभळं खाल्ली आणि ती आतून कशी आहेत याची कधी चौकशी केली नाही. माझं मलाच वाईट वाटलं. खरं सांगायचं तर काटवटीचं नुकसान भरून काढणं हे निमित्त झालं. मला ते रंग बघायचे होते.

मी फाटकाजवळ उभा राहून लिंबाच्या वाळक्या फांदीला सुरी लावून बघत होतो, तेवढ्यात योगीराज आले. योगीराज हे आमच्या कॉलनीतलं सल्ला खातं आहे. बोअर कुठं घ्यावी इथपासून गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या पायाचं आधी करावं इथपर्यंत सगळ्यावर त्यांचं मत असतं, आणि ते मागावं लागत नाही.

"काय करायलाव दिनकरराव?"

मी सांगितलं. म्हणजे मोडलेल्या काटवटीचं सोडून सगळं सांगितलं. निरनिराळ्या सात लाकडांचं एक भांडं करायचं आहे, एवढंच.

"सातनं काय व्हतंय? करायचं तर अकराचं करा. लोकांनी नाव घेतलं पायजे." ते झाडाकडे बघत म्हणाले. "आन् काळं लाकूड पायजे त्यात. काळ्याबिगर बाकीचे रंग उठत न्हाईत. सिसम मी देतो. माझी सासुरवाडी जिंतूरकडं डोंगरात हाय, तिथं लय पडलंय. तुमी बिलकुल फिकीर करू नका."

मी फिकीर केली नाही, हीच चूक झाली. पण ते पुढं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून लाकडं यायला लागली. कुणी बोरीचं खोड आणलं, कुणी रेशमाच्या शेतातली तुती आणली. तुती आतून हळदीसारखी पिवळीधमक निघाली आणि मी ती अर्धा तास हातात घेऊन बसलो होतो. जांभळीचं लाकूड जांभळं नसतं, ही माझी निराशा मी इथं नोंदवून ठेवतो. चिंचेच्या गाभ्यात जवळजवळ काळपट जांभळी रेघ असते. पळस बाहेर एवढा भडक फुलतो आणि आतून मळकट पांढरा, धुतलेल्या पंच्यासारखा. एका गृहस्थांनी शेवग्याचं लाकूड आणलं, ते मी बोटानं दाबलं तर आत गेलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतलं आणि मागच्या दारानं म्हशीवाल्याला दिलं.

समोरच्या रेणुकाताई पाळण्याचा पाय घेऊन आल्या. आंब्याच्या लाकडाचा, लाखेचा लाल रंग उडत चाललेला.

"आमच्या सुरजचा पाळणा व्हता," त्या म्हणाल्या. "तो आता दुबईला हाय. पाळणा मोडीत काढला, ह्यो एक पाय ठिवला व्हता. ह्याचा एक पट्टा लावा. पर वरच्या काठाला लावा भाऊजी, दिसला पायजे."

मी हो म्हणालो. त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं वरचाच काठ मागितला. भांड्याला काठ एकच असतो, हे मी अकरा जणांना समजावून सांगितलं आणि अकराही जण "ते खरं हाय, पर आमचं बघा" म्हणून गेले.

सागाचा प्रश्न वेगळा होता. साग माझ्या चुलतभावाच्या पोखर्णीच्या बांधावर होता आणि तो पावसाळ्यात वाऱ्यानं आडवा झाला होता. पण सागाचं लाकूड एका जागेहून दुसरीकडे न्यायला परवाना लागतो. हे मला माहीत होतं, कारण असल्या परवान्यांची पत्रं मी आयुष्यभर आवक केली होती. लोक काय करतात ते मला ठाऊक आहे. पण आपण चौतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवले आणि आता स्वतः पिशवीत घालून लाकूड आणायचं, हे माझ्या मनाला पटेना. मी रीतसर अर्ज लिहिला. झाडालाकडाचा कारभार जिथं चालतो त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. मीही त्याच रक्ताचा आहे.

टेबलावर दीपिका मॅडम म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं अर्ज दोनदा वाचला.

"काका, लाकूड किती आहे?"

"एक फूट लांब, चार बोटं रुंद, दोन बोटं जाड."

"ट्रक कोणता?"

"हातात."

तिनं संगणकात आकडे भरले. ते लाकूड शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य नऊ घनमीटर होत होतं. संगणक दशांशानंतर दोनच घरं घेत होता. पडद्यावर शून्य आलं.

"शून्य लाकडाला परवाना निघत नाही," ती म्हणाली. "आणि सातबाऱ्यावर सागाची नोंद नाही. तीन बाभळी आणि दोन लिंब आहेत फक्त."

"पण साग आहे. म्हणजे होता. पडला."

"कागदावर नव्हताच, तर पडेल कसा?" तिनं हे अगदी सौम्यपणे विचारलं, आणि तिच्या जागी असतो तर हाच प्रश्न मीही विचारला असता. मग ती थोडं पुढं झुकली आणि आवाज कमी करून म्हणाली, "काका, पिशवीत घालून का नाही आणलं?"

मी तिला पोच मागितली. पोच घेऊन ताठ मानेनं बाहेर आलो. मान ताठ होती, पण आत कुठंतरी लागलं होतं.

त्याच आठवड्यात योगीराजांनी सिसम आणून दिलं. काळ्या डागांचा हातभर ओंडका होता. त्याचा आतला रंग बघायची मला इतकी घाई झाली की दुपारभर ओसरीवर बसून मी तो पॉलिश पेपरनं घासला. घाम आला तसा त्याच हातानं तोंड पुसलं. कपाळ, डोळे, कान, मान. दोन दिवसांनी सकाळी आरशात बघितलं तर आरशात दुसराच कुणीतरी होता. डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या आणि ओठ माझे नव्हते.

रेणुकाताई कुंपणावरून म्हणाल्या, "नागीण हाय." योगीराज म्हणाले, "नजर लागली, अकरा लाकडांची चर्चा लय झाली." मनकर्णानं खोबरेल लावलं. लावताना ती सारखी तोंड फिरवून घेत होती. मला वाटलं काळजीनं. आता वाटतं, हसू दाबत असावी.

नेमकं त्याच दिवशी कार्यालयातून फोन आला की ओळख पडताळणीला या. मी तोंडाला उपरणं गुंडाळून गेलो. दीपिका मॅडमनं आधार कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"अर्जदार स्वतः नाही का आले?"

"मीच अर्जदार."

तिनं यंत्रापुढं माझा चेहरा धरायला सांगितला. यंत्रानं मला ओळखलं नाही. तीनदा नाही ओळखलं. मागं रांगेतला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "दुसऱ्याच्या नावावर लाकूड न्यायलाय म्हातारा." मी घरी आलो आणि दोन दिवस फाटकाबाहेर पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी मनकर्णा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊन आली. पिशवीतून तिनं नारळ काढला, प्रसादाचा पुडा काढला, आणि त्याखालून सागाचा फूटभर तुकडा काढून माझ्यापुढं ठेवला. "भावजींनी दिला," ती म्हणाली आणि आत गेली. मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. आत सोनेरी रेषा होत्या. माझी तत्त्वं त्यावर फार वेळ टिकली नाहीत. मात्र अर्ज मी मागं घेतला नाही. अर्ज ही वेगळी गोष्ट आहे.

आता कारागीर. ताडकळसच्या आठवडी बाजारात आश्रुबा म्हणून एक कातारी बसतात. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे पाय, जे जे म्हणून लाकडाचं गोल असतं ते सगळं यंत्रावर कातून काढतात. मी लाकडांचं पोतं घेऊन बसनं गेलो. दुसऱ्या पोत्यात, मनकर्णाला न सांगता माळ्यावरून काढलेली, मोडकी काटवट होती. मापासाठी. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. आश्रुबांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"व्हईल," ते म्हणाले. "पर कशाला पायजे?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. सासूबाईंच्या काटवटीवर उभा राहिलो, ती मोडली, म्हणून पीठ मळायला हवी आहे, असं एक वाक्य होतं. पण भोवती बाजाराची माणसं होती, एक बाई लाटणं निवडत होती, आणि माझ्या तोंडाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. अशा अवस्थेतल्या माणसानं आणखी किती कमीपणा घ्यावा?

"दिवाणखान्यात ठेवायला," मी म्हणालो. "शोभेचं."

"मंग ही काटवट?"

"अशीच. मापाला."

त्यांनी काटवट उलटीपालटी केली, अंगठ्यानं तळ चोळला आणि बाजूला ठेवली. मग एकेक लाकूड बघायला लागले. प्रत्येकाचा वास घेत होते. मीही घेतला. बोरीला थोडा आंबूस वास येतो, सागाला कातड्यासारखा. आम्ही दोघं असे हुंगत बसलेले बघून ती बाई लाटणं न घेताच गेली. काळ्या ओंडक्याला मात्र आश्रुबांनी हात लावला नाही. फडक्यानं धरून उचलला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हे घासलं का तुमी?"

"हो. सिसम."

"सिसम न्हाई, सायेब. बिब्बा हाय."

बिब्बा. ज्याच्या एका थेंबानं कातडी उतते, तो बिब्बा मी अख्खी दुपार घासून तोंडाला लावून घेतला होता. शाळेतल्या पोरालाही हे झाड ओळखू येतं, असं आश्रुबा म्हणाले नाहीत, पण त्यांनी तो ओंडका ज्या सावकाशीनं लांब ठेवला त्यातून मला ते ऐकू आलं.

"म्हणजे दहाच राहिली," मी म्हणालो. "कॉलनीत मी अकरा सांगून बसलोय."

"अकरावं म्या बघतो," ते म्हणाले. "तळाला एक जुनं, मुरलेलं लागतंयच. कच्चं लाकूड तळाला टिकत न्हाई."

बिब्ब्याचं मी घरी मनकर्णाला तेवढं सांगितलं, योगीराजांना सांगितलं नाही. इतक्या हौसेनं दिलेलं लाकूड, त्यांना लागलं असतं. शिवाय स्टूल त्यांच्याकडे होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी आश्रुबा स्वतः भांडं घेऊन आले. ओसरीवर फडकं सोडलं आणि सगळी कॉलनी पुढं झुकली. एकावर एक दहा कडी, प्रत्येक कडं वेगळ्या लाकडाचं. पिवळी तुती, लालसर लिंब, सोनेरी साग, चिंचेची काळपट रेघ, आणि सगळ्यात वर पाळण्याचा आंबा. रेणुकाताईंनी काठावरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज पुढं पाठवले, पण इतकी देखणी गोष्ट माझ्या हातून पहिल्यांदाच घडली होती.

तळाला गडद तांबूस लाकूड होतं. योगीराज सगळ्यांना सांगायला लागले, "हे आमचं सिसम. बघा, म्हणलं व्हतं ना, काळ्याबिगर रंग उठत न्हाई." मी आश्रुबांकडे पाहिलं. आश्रुबांनी आभाळाकडे पाहिलं. तळाच्या खालच्या बाजूला तापल्या सळईनं दिलेले तीन ठिपके होते. कारागिराची खूण असावी, असं समजून मी त्या ठिपक्यांचं फार कौतुक केलं.

मनकर्णानं भांडं हातात घेतलं. आत बघितलं. मग पालथं करून खाली बघितलं आणि त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "चांगलं झालंय," ती म्हणाली आणि ते आत नेऊन ओट्यावर ठेवलं. दोन महिन्यांत तिनं मला म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं.

भोगीला सकाळी सासूबाई आल्या. ऐंशीच्या पुढची बाई, पण बसमधून उतरताना कुणाचा हात धरत नाही. लाकडं दिलेली सगळी मंडळी शेंगा, वांगी, हरभऱ्याचे घाटे असं काहीबाही घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जमली होती. भाजीसाठी आलो म्हणत होती. प्रत्यक्षात प्रत्येकाला आपलं कडं बघायचं होतं.

"आण गं काटवट," सासूबाई म्हणाल्या.

मनकर्णानं ते रंगीत भांडं पुढं ठेवलं. मी दोन वाक्यं तयार केली होती, 'जुनी काटवट जीर्ण झाल्याकारणाने' अशी सुरुवात होती. ती म्हणायची वेळच आली नाही. सासूबाईंनी भांड्यात बाजरीचं पीठ घेतलं आणि चुलीवरचं उकळतं पाणी त्यावर ओतलं.

मागून आश्रुबा खाकरले. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. "सायेब," ते हळू आवाजात म्हणाले, "शोभेचं म्हणलात ना तुमी?"

टक् असा आवाज आला. मग आणखी एक. जांभळीचं कडं फुगून सुटलं होतं. त्याच्याखालून पिठाचं पाणी ओट्यावर वाहायला लागलं. मग पळस गेला. दारातून कुणीतरी म्हणालं, "आमची तुती अजून हलली न्हाई." लगेच तुती गेली. रेणुकाताई दम धरून उभ्या होत्या. पाळण्याचा आंबा सगळ्यात वर असल्यानं तो खालची सगळी गेल्यावर आख्खाच्या आख्खा निघाला आणि सासूबाईंच्या मनगटात बांगडीसारखा अडकला. माझा साग, ज्याच्यासाठी मी यंत्रापुढं तीनदा तोंड धरलं, तो ओट्यावरून घरंगळत माझ्याच पायाशी आला. मी मान खाली घातली. आता वर बघायची हिंमत नव्हती.

पण पीठ मळल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. सासूबाईंनी मनगटातलं कडं काढून रेणुकाताईंच्या हातात दिलं होतं आणि उरलेल्या तळावर, त्या वीतभर चकतीवर, पीठ मळायला सुरुवात केली होती. जणू काही घडलंच नव्हतं. चकती हलत नव्हती, सरकत नव्हती. एका भाकरीचा गोळा झाला, थापली, तव्यावर टाकली, वरून तीळ पेरले. मग त्यांनी चकती धुतली, पदरानं पुसली आणि पालथी केली.

"हे तीन ठिपके तुझ्या बापानं दिलेत," त्या लेकीला म्हणाल्या. "तिघी लेकींचे तीन. काटवट व्हती तवा तळाला हेच व्हते."

मी आश्रुबांकडे वळलो.

"जुनं, मुरलेलं पायजे व्हतं," आश्रुबा म्हणाले. "तुमच्या पोत्यातच व्हतं की."

योगीराज पुढं झाले. "म्हंजी हे आमचं सिसम न्हाई?"

"तुमचं सिसम ह्यांच्या तोंडाला लागलं," मनकर्णा म्हणाली, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. कॉलनीही हसली. मी सुद्धा हसलो असतो, पण मला आधी कबुली द्यायची होती. मी सासूबाईंपुढं गेलो.

"आई, काटवट माझ्यामुळं मोडली. मी तिच्यावर उभा राहिलो होतो. घड्याळासाठी."

"ठावं हाय," त्या भाकरी उलटत म्हणाल्या. "मनकर्णानं त्याच दिशी फोन लावला व्हता. रडायलती. म्या म्हणलं, गप बस, त्यांला काय म्हणू नको. बघू तर जावईबापू काय करत्यात." त्यांनी भाकरीचा पापुद्रा बोटानं दाबून पाहिला. "रोज सांजंला ती मला सांगायची. आज सागाचा अर्ज केला, आज तोंड सुजलं. म्या तर भोगीची वाट बघायलते. म्या तरणीपणी एक काटवट फोडली व्हती, तवा मला न्हाई कुणी येवढा वाव दिला."

म्हणजे दोन महिने मी माझ्या अपराधावर पांघरूण घालत होतो आणि पेडगावला रोज संध्याकाळी त्याचा अहवाल जात होता. मला राग यायला हवा होता. पण पहिली भाकरी लेकीच्या ताटात पडली, दुसरी माझ्या, आणि राग आला नाही.

"भांडं परत जोडून घ्यावं का?" मी मनकर्णाला नंतर विचारलं. "आश्रुबा म्हणतात, पक्क्या डिंकानं टिकेल."

"कशाला? आता आपण दोघंच," ती चकती फळीवर ठेवत म्हणाली. "एका वेळेला एक भाकरी पुरे. ही बरी हाय."

कडी ज्याची त्यानं नेली. सगळ्यांना आपापलं कडं ओळखू आलं. मी मात्र एकेक हातात घेऊन शेवटचं बघून घेतलं, कारण इतके रंग एकत्र मला पुन्हा दिसणार नव्हते. संक्रांतीनंतर आठवड्यानं कार्यालयाचं पत्रही आलं. 'आपल्या अर्जातील लाकडाचे परिमाण निरंक असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' म्हणजे लाकूड शून्य, फाइल बंद. मी ते पत्र सागाच्या कड्यात खोचून कपाटात ठेवलं आहे. सही झोकदार आहे.

परवा सकाळी मनकर्णा ओट्यापाशी पीठ मळत होती. मी चहा पीत होतो आणि सहज वर नजर गेली. घड्याळात अजून चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सेल माझ्या खिशात दिवाळीपासून होता. योगीराजांकडून स्टूल आलेलं नव्हतं. मी उभा राहिलो, हात वर करून पाहिला, वीतभर कमी पडत होता, आणि चढायला काहीतरी मिळेल म्हणून इकडंतिकडं बघायला लागलो.

मनकर्णानं गोळा डाव्या हातात घेतला, पिठाच्या हातानं चकती उचलली आणि पोटाशी धरून उभी राहिली.